फिरंगी राजाच्या कागदावरची दोन नावं

बाबा, आज धाकटीचं नाव मुलींच्या शाळेत घालून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या नातीने तुम्हाला पाहिलेलंही नाही. इथे ठाण्यात शाळेतल्या बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि ‘उद्यापासून पाठवा’ म्हणाल्या. एवढंच! मी घरून मनाची केवढी तयारी करून गेले होते. नौपाड्याला घरी परतताना तुम्ही आठवलात आणि मला भर रस्त्यात हसू फुटलं. धाकटी विचारत राहिली, ‘अगं आई, झालं काय?’

झालं होतं ते कल्याणला. गोवा सोडून आपण आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने कल्याणला आलो, स्टेशनाजवळ तुम्ही खाणावळ घातलीत, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. तुमच्या लेखी आपण परदेशात आलो होतो, आणि ते खोटं नव्हतं. तिकडे पोर्तुगालच्या राजाचं राज्य, इकडे इंग्रजांच्या राणीचं. परक्या राज्यात पोरगा शाळेत घालायचा म्हणजे सरकारदरबारचं काम, आणि शिक्क्याच्या कागदाशिवाय तिथे पान हलत नाही, अशी तुमची पक्की समजूत. म्हणून निघतानाच तुम्ही एक कोरा कागद पेटीच्या तळाशी घालून आणला होता, वर फिरंगी राजाच्या मुकुटाचा शिक्का असलेला. आई म्हणायची, माझ्या दागिन्यांची नाही एवढी काळजी त्या कागदाची!

नेमकं त्याच आठवड्यात कढईतलं तेल उडून तुमचा उजवा हात भाजला. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. राहता राहिले मी. गावी गुरुजी दादाला शिकवायचे तेव्हा दाराआड बसून जे काय उचललं होतं, तेवढंच माझं भांडवल. चुलीपासून लांब पाट मांडून तुम्ही मला बसवता, ‘बरय गो, नीट बरय,’ म्हणजे नीट लिही, असं म्हणता, आणि मी लिहायला लागते. आमच्याशी तुम्ही कोंकणीत बोलायचात, पण मराठी तुम्हाला यायची ती पोथीतली. ‘हा बालक विद्येचा अर्थी होऊन द्वारी उभा आहे, त्यास अव्हेरू नये.’ बालक एकच, दादा. मला शाळेत जायचं होतं, बाबा. नऊ वर्षांच्या पोरीला एखादी गोष्ट जितकी हवी असू शकते तितकं जायचं होतं, आणि तोंडाने मागायची छाती नव्हती. तुम्ही शेवटची ओळ सांगितलीत आणि आमटी उतू जातेय म्हणून उठलात. तेवढ्यात मी दादाच्या नावापुढे ‘आणि त्याची बहीण’ असं लिहून माझंही नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी आपण तळ्याजवळच्या शाळेत उभे आहोत. तुम्ही भर उन्हात काळा कोट घातलाय, हाताला फडकं आहे, कागद माझ्याकडे. मास्तर तपकिरीची डबी उघडून बसलेत.

‘गुरुवर्य, आम्ही विद्यादानार्थ आपल्या चरणी शरण आलो आहो,’ तुम्ही म्हणालात.

‘अहो, शरण कसले येता! नाव सांगा, वय सांगा, झालं.’

पण कागद दिल्याशिवाय तुम्ही हलणार कसले. मास्तरांनी तो उजेडात धरला. ‘हा मुकुट कोणाचा? आमच्याकडे राणी आहे. हा कागद इथे चालत नाही.’

‘राजाचा शिक्का आहे, न चालून कसे होईल? आपणही शिक्का मारून पोच द्यावी.’

‘शाळेला कुठला आलाय शिक्का?’

‘मग अंगठा द्यावा.’

मास्तराने अंगठा द्यायचा! सगळा वर्ग खदाखदा हसला, मास्तरांनाही हसू आवरेना. डोळे पुसून त्यांनी कागद वाचायला घेतला आणि थांबले. ‘इथे नावं दोन दिसतात. मुली नाही हो आम्ही घेत.’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मास्तरांकडे वळून शांतपणे म्हणालात, ‘नावे दोन आहेत खरी. परंतु राजाच्या कागदावर खाडाखोड केली तर सगळाच कागद रद्द होतो. घेणे तर दोघांस घ्यावे.’

‘अहो, पण कागदच मुळी...’ मास्तरांनी चिमूटभर तपकीर ओढली. ‘बसू दे तिला खिडकीपाशी. वरून साहेब आले आणि विचारलं, तर हाच कागद पुढे करीन. पडू दे त्यांनाही कोडं.’

त्या दुसऱ्या नावाबद्दल तुम्ही मला पुढे कधी विचारलं नाहीत. दादा पुढे रेल्वेत लागला, अक्षर अजून तसंच आहे. मी आता आळीतल्या बायकांची पत्रं लिहून देते. आणि वडिलांना कसं फसवलं, हे गुपित मी इतकी वर्षं मोठ्या दिमाखात सांभाळलं.

आज सकाळी धाकटीची वेणी घालता घालता माझा हात थांबला. त्या दिवशी आईनेही माझी वेणी घातली होती, वर अबोलीचा गजरा माळला होता, कारण पोरीला नीट तयार कर असं तुम्हीच तिला सांगितलं होतंत. नुसता कागद धरायला न्यायच्या पोरीला गजरा कोण माळतं? आणि रोज पोथी वाचणाऱ्या माणसाला माझं ते मोठालं अक्षर वाचता आलं नसेल?

हे पत्र धाडायचं तरी कुठे? घडी करून पेटीत ठेवते. आणि खरं सांगू का, तुम्ही समोर असतात तरी विचारलं नसतं. मला शाळेत तुम्हीच घातलंत हे कळून फार आनंद झाला, बाबा. पण ती लबाडी माझ्या एकटीची नव्हती, याचं जरासं वाईटही वाटलं.