पलंगावरचं सावधान

बाबा,

आईच्या पिशवीत तिचं इस्पितळाचं कार्ड ठेवत होते, तर तळाशी तुमचं निघालं. पिशवी तशीच ठेवून लिहायला बसले.

उद्या सकाळी तिला छावणीच्या त्याच इस्पितळात न्यायचं आहे. आठ दिवस झाले, अंगणातून घरात येईपर्यंत ती दोनदा थांबते. छातीवर हात ठेवते आणि वरून पदर घेते. मी विचारलं तर म्हणाली, "फौजीची बायको होय मी. रडगाणं नाही गात."

"रडगाणं नाही गात" हे वाक्य तुमचं आहे, बाबा. तिला का देऊन गेलात?

तुमचा वॉर्ड आठवतो. मोठे डॉक्टर राउंडला आले की दारातून कोणीतरी "सावधान" म्हणायचं. पलंगावरची सगळी माणसं पडल्या पडल्या ताठ व्हायची. हात मांड्यांना चिकटलेले, नजर छताला. निवृत्त होऊन तुम्हाला अठरा वर्षं झाली होती. एकोडीला भाताच्या बांधीत चिखल तुडवून पाठ वाकली होती. तिथे ती सरळ व्हायची.

इस्पितळातून सुट्टी मिळायची होती त्या सकाळी तुम्ही मला हळूच म्हणालात, "रेखा, रातभर छातीवर कोणी बसल्यासारखं वाटून राहिलं होतं. डॉक्टरले नको सांगू."

"काहून?"

"सिक रिपोर्ट केला का पलटन कामचोर म्हणते."

"पलटन कुठे आहे आता?"

तुम्ही शेजारच्या पलंगाकडे हनुवटी केली. "तो दिघोरीचा नायक. कान उघडे ठेवून झोपते तो. अन् घरी धानाचा रोवणा अडला आहे."

मी हसले. हसायला नको होतं.

डॉक्टर आले. माझ्याहून लहान असतील. "हवालदार साहब, रात को तकलीफ हुई?"

"नहीं साहब. ठीक है."

त्यांनी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच. मग ते माझ्याकडे वळले, "आपको कुछ कहना है?" तुमची नजर छतावरून उतरून माझ्यावर आली. मी दारात उभी होते. "नाही," म्हणाले.

समोर शत्रू नव्हता, बाबा. विचारणारा एक डॉक्टर होता, आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कोणापासून लपवत होतात तुम्ही? आणि मी?

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. रोवायच्या पऱ्ह्याची पेंडी हातातच होती. लोक म्हणाले, फौजी माणूस, कोणाला त्रास न देता गेला. मी मान हलवली. तुमच्या छातीचं मला माहीत होतं, हे मी अजून आईलाही सांगितलेलं नाही.

आज सांगेन. आणि उद्या दारात उभी राहणार नाही. तिच्या उशाशी उभी राहीन आणि ती जे गिळेल ते बोलेन. ती रागावली तरी. तुम्ही रागावलात तरी.

तुमची,
रेखा

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्पितळात. डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "ठीक है साहब." मी तिच्या छातीचं सगळं डॉक्टरांना सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने तशीच पडून म्हणाली, "पाठीतबी दुखते, सांग डॉक्टरले." मी तेही सांगितलं. तिला दाखल करून घेतलं.