चौऱ्याण्णव नंबरची मोजणी

रविवार, १९ एप्रिल १९९८

प्रिय सिल्व्हियाकाकू,

तुला आणि मार्लिसताईला नमस्कार. गुडघ्याचं दुखणं उतरलं असेल, डुलुथची हवा मानवली असेल, असं धरून चालते.

तुला लिहायला बसलं की तुझा एकच प्रश्न आधी पुढे येऊन उभा राहतो. काकांच्या अंत्यविधीची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "आयली, पन्नास वर्षं तळ्याचा बर्फ ओळखणारा माणूस. पहार टोचत टोचत जाणारा. त्याला त्या दिवशी कसं गं कळलं नाही?" तेव्हा मी कपात बघत राहिले आणि नंतर तुझ्याकडे फिरकलेच नाही. ताई तुला तिच्याकडे डुलुथला घेऊन गेली त्या दिवशीसुद्धा नाही. सर्दी आहे असं कळवलं होतं. सर्दी नव्हती.

इकडचं सांगते. तळं यंदा मार्च संपायच्या आतच मोकळं झालं. रस्त्यांच्या पोटातलं गोठलेलं पाणी सुटतंय, म्हणून जड गाड्यांना बंदीच्या पाट्या लावल्या आहेत. लाकडाचे ट्रकवाले गेल्या आठवड्यापर्यंत रोज मला फोन करून शिव्या देत होते. एकानं विचारलं, "बाई, तुमचे रस्ते काय बिस्किटाचे आहेत?" मी म्हटलं, "एप्रिलमध्ये, हो." काकांनी ही गोष्ट गावभर सांगितली असती आणि प्रत्येक वेळी ट्रक थोडा मोठा केला असता.

तुमच्या घरी जाऊन आले. पुलापाशी गाडी ठेवली आणि पुढे चिखलातून चालत गेले. आत गेले नाही. छप्पर ठीक आहे. सॉनाच्या न्हाणीघराच्या धुरांड्यात पक्ष्यांनी घरटं केलंय, ते तसंच ठेवलं. खालच्या घरातली हेइक्किलाची माणसंही जायच्या तयारीत आहेत.

काकू, मी हे काउंटीच्या रस्त्यांचं काम का धरलं ते तुला ठाऊक आहे. शाळेला सुट्टी लागली की काका मला रस्ता सपाट करायच्या ग्रेडरवर शेजारी बसवायचे, जेवणाच्या डब्यावर. काउंटीच्या नियमात ते बसत नव्हतं. "कुणी दिसलं की खाली वाक," म्हणायचे, "आणि डबा हो." पात्याखाली खडी कशी वळते, पाणी कुठून काढायचं, रस्त्याला मधोमध पाठ किती उंच ठेवायची, हे मी तिथे शिकले. कॉलेजात चार वर्षं तेच आकड्यांत शिकवलं. आपल्या घरात पहिलीच पदवी, म्हणून तू वेलदोड्याचा पाव इतका भाजलास की शेजाऱ्यांनी विचारलं, लग्न कुणाचं आहे.

त्याच ग्रेडरवरून मी आणखी एक पाहिलं होतं. काउंटीच्या मंडळाच्या एका सदस्याच्या मेहुण्याकडे जाणारा रस्ता आरशासारखा. आणि जिथे कुणाची ओळख नाही तिथे वर्षातून दोन फेऱ्या. काका म्हणायचे, "रस्ता गाड्यांसाठी असतो की मेहुण्यांसाठी?" नोकरी लागली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की हे बंद करायचं. म्हणून ती गुणांची पद्धत काढली. किती वाहनं जातात, किती घरं आहेत, पूल कसा आहे, याला गुण. सगळ्यात कमी गुणांच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ सारणारी गाडी जाणार नाही, तिथे पाटी लागेल: किमान देखभाल, स्वतःच्या जबाबदारीवर जा. वाचलेल्या फेऱ्या शाळेच्या बसच्या रस्त्यांना मिळतील. आडनाव, नातं, ओळख, काहीही चालणार नाही. आमचे मुख्य अभियंता हार्लन म्हणाले, "पोरी, तू फार दिवस टिकणार नाहीस इथे." पण मंडळाला रस्ते कमी करायचेच होते, त्यांनी मान्य केलं.

तेवीस रस्ते मोजायचे होते. तुमचा चौऱ्याण्णव नंबर त्यातला एक. इथपर्यंत तुला माहीत आहे.

पुढचं लिहायच्या आधी मी उठून सगळी भांडी घासून आले.

मोजणीच्या पेट्या दोनच होत्या, त्याही शेजारच्या काउंट्यांशी वाटून घेतलेल्या. तुमच्या बाजूची पाळी फेब्रुवारीत आली, शहाण्णव सालच्या. मी स्वतः गेले. पुलाच्या पलीकडे रस्त्यावर आडवी रबरी नळी खिळ्यांनी बसवली आणि पेटी खांबाला साखळीनं बांधली. चाक नळीवरून गेलं की पेटी मोजते. सात दिवसांनी काढली. सात दिवसांत नऊ वाहनं. त्यातली दोन मीच, नळी नीट बसली का बघायला पुढेमागे गाडी फिरवली ती.

फेब्रुवारीत चौऱ्याण्णव नंबरवरून कोण जातं, काकू? तळं धरलं, बर्फ गाडी पेलू लागला की तुमची सहाही घरं तळ्यावरून जातात. समोर दोन मैलांवर गाव दिसत असताना अकरा मैलांचा वळसा कोण घेईल? नाताळ संपला की टाकून दिलेली झाडं गोळा करून बर्फात रोवायची आणि गाड्यांची वाट आखायची, हे तर काकांचंच काम. रस्ता लागतो तो तळं धरेपर्यंत, आणि मग ते सुटल्यावर. बाहेरून आलेल्या अभियंत्याला हे कळलं नसतं. मला कळायला हवं होतं.

कळायला हवं होतं, हेही खोटं लिहिलं. मला माहीत होतं. नळी बसवली त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे जेवायला आले होते. माशाचं सूप होतं. काकांनी विचारलं, "पुलाकडून आलीस का गं? तिथे घसरडं झालंय." मी म्हटलं, "काका, तळं असताना रस्त्यानं कोण येतं?" तू हसलीस. मीही हसले. नळीची आठवण तेव्हा झालीच नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. झाली होती. चमचा हातात होता तेव्हाच झाली होती. मनात म्हटलं, राज्याच्या तक्त्यात हिवाळ्यासाठी वाढवून घ्यायची सोय असते, ती लावू, सरळ होईल. लावली. नऊचे साडेतेरा झाले.

मे महिन्यातल्या सुनावणीला तू होतीस. काका टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मोजणी कुठल्या महिन्यात झाली?" हार्लननं कागद बघून सांगितलं, फेब्रुवारी. मागून कुणीतरी म्हणालं, "आता मासे मोजायला झाडावर चढा." सगळे हसले, काका सोडून. त्यांनी विचारलं, "कुणी मोजलं?" हार्लन म्हणाले, "खात्यानं. आणि तक्त्यात हिवाळा धरलेला असतो." तो तक्ता आपल्या तळ्याला लागू नाही, हे खात्याच्या बाजूनं सांगू शकणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि ते हार्लनच्या शेजारी बसलं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग "बरं" म्हणाले आणि खाली बसले. घरी जाताना तू त्यांच्यावर चिडलीस, "एकतीस वर्षं काउंटीची चाकरी केलीत आणि दोन वाक्यांत बसलात?" काकू, ते माझ्यासाठी बसले.

मी का बोलले नाही? तेव्हा कारण होतं. बाकीच्या बावीस रस्त्यांची मोजणी खरी होती. एक आकडा खोटा निघाला तर सगळी पद्धत मोडीत निघेल, पुन्हा मेहुण्यांचं राज्य येईल, असं मला वाटलं. एका चांगल्या गोष्टीला वाचवायला मी गप्प बसते आहे, असं वाटलं. रात्री झोपही लागायची.

पहिल्या हिवाळ्यात काकांनी तळं धरेपर्यंत आपल्या ट्रॅक्टरनंच रस्ता मोकळा ठेवला. यंदाचं तू भोगलंस. नाताळात तो ओला बर्फ, कमरेएवढा, वर पाऊस, मग सगळं दगडासारखं गोठलेलं. ट्रॅक्टर पहिल्याच वळणावर अडकला. आणि तळं धरेना. अकरा दिवस तुम्ही दोघं तिथे.

आता ते लिहिते, जे तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नाही.

पाच जानेवारीला, सोमवारी दुपारी, काकांनी मला कचेरीत फोन केला. तू पलीकडे शिवणयंत्रावर होतीस, आवाज येत होता. म्हणाले, "उद्या साडेनऊला मंडळापुढे माझा अर्ज आहे. नोव्हेंबरात एकदा मोजा, एवढंच मागणार. कुणी मोजलं ते काढणार नाही, तू घाबरू नकोस." मग ते म्हणाले, "एक विचारू का गं? सकाळी बर्फाची गाडी पुलापर्यंत येतेच. ती तेवढी आमच्याकडे आत घालता येईल? एकदाच."

त्यांनी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि मी म्हटलं, "काका, यादीत नसलेल्या रस्त्यावर माझ्या शब्दावर गाडी गेली, तर पूर्वीच्या लोकांत आणि माझ्यात फरक काय?"

ते हसले. "मीच शिकवलंय, आता भोगतो," म्हणाले. "तळ्यावरून चालत येईन. चार इंच धरलंय. माणसाला चार पुरे."

चार इंच माणसाला पुरतात, हे खरं आहे. तेवढ्यावर मी मनाचं समाधान केलं. पण "तुम्ही येऊ नका, तुमचा अर्ज मी उभी राहून वाचते," एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते म्हटलं असतं तर मला पुढचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "जपून या."

मंगळवारी साडेनऊला अध्यक्षांनी नाव पुकारलं. वॉल्फ्रेड निस्कानेन. तीनदा. मग इतिवृत्तात लिहिलं, अर्जदार अनुपस्थित, विषय निकाली. आणि काकू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. वाटलं, बरं झालं, आले नाहीत. ओढा तळ्याला मिळतो त्या जागी, फुटलेल्या बर्फातल्या पाण्याच्या कडेला, त्यांची पहार आडवी पडलेली सापडली, हा फोन त्यानंतर पाऊण तासानं आला. त्या पाऊण तासाचं काय करायचं, हे मला समजत नाही. बाकी सगळ्याचं कदाचित कधीतरी समजेल.

गेल्या सोमवारी काउंटीच्या वकिलांनी मला बोलावलं होतं. मी काय करणार आहे याची त्यांना कुणकुण लागली होती. माणूस सभ्य आहे. म्हणाले, "तुम्ही तरुण आहात. अभियंत्याचा परवाना तोंडाशी आलाय. आणि तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही." ते खरंच होतं. कुणीच विचारलं नव्हतं.

मंगळवारी, चौदा तारखेला, मी मंडळापुढे गेले. खात्याच्या खुर्चीवर बसले नाही, नागरिकांच्या रांगेत उभी राहिले. मोजणी मी केली, ती खोटी आहे हे मला त्याच संध्याकाळी माहीत होतं, सुनावणीत मी गप्प राहिले, आणि पाच जानेवारीला अर्जदारानं मागितलेली गाडी मी नाकारली, असं सगळं लिहून नेलं होतं, ते वाचलं. चार मिनिटं लागली. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली. पुढचे?" पुढचा विषय जत्रेच्या मैदानाच्या कुंपणाचा होता. त्यावर पाऊण तास चर्चा झाली म्हणे.

यातून काही होईल अशी आशा तुला दाखवणार नाही. मी हार्लनना विचारलं, आता तरी पुन्हा मोजाल ना? ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "मोजून काय मिळणार, आयली? दोन घरं आधीच उठली, निस्कानेन गेल्या, हेइक्किला चालले. दोन घरं राहिली. आता खरं मोजलं तरी चौऱ्याण्णव नापासच होईल." निस्कानेन म्हणजे तू, असं त्यांना म्हणायचं होतं. मी मात्र क्षणभर माझ्याविषयीच समजले. त्यांचं चुकत नाही. माझ्याच पद्धतीनं मी हिशेब करून पाहिला. नापासच होतो. सहा घरांचा रस्ता बंद केला म्हणून घरं गेली, आणि घरं गेली म्हणून रस्ता बंद राहणं आता न्याय्य आहे. हे मी रचलंय, आणि त्यात एकही मेहुणा नाही.

सोबत त्या निवेदनाची प्रत आहे. मार्लिसताईला दाखव. ते वकिलाला द्यायचं की चुलीत घालायचं, तुमचं तुम्ही ठरवा. कुठेही बोलावलं तरी मी तेच सांगेन. क्षमा मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही. या पत्राला उत्तर आलं नाही तर मी समजेन.

त्या मंगळवारी वाचून झाल्यावर मी कचेरीची किल्ली, ओळखपत्र आणि राजीनामा लिपिक बाईंच्या टेबलावर ठेवला. परवान्याचा अर्जही मागे घेतला. खात्याची गाडी आवारातच सोडली आणि घरी चालत आले.

पूर्ण नावानं सही करते आहे, निवेदनावर केली तशीच.

आयली मारिया निस्कानेन