लछमनचा हार कुठल्या रकान्यात

९ जानेवारी १९५८, गुरुवार
कारखान्यातून आलो तर पिंपरी कॅम्पातल्या सिंधी अम्मा ओट्यावर बसलेल्या. आमच्याकडे पापड घालतात त्या. आज पापड नव्हते, हातात मुंबईच्या परदेशी टपाल कचेरीची नोटीस. मुलगी कमला, तिचं लग्न पुढच्या महिन्यात. मुलगा लछमन हाँगकाँगला एका दुकानात कामाला. त्यानं बहिणीसाठी हार पाठवलाय, तो कस्टमनं अडवलाय.
"बाबूजी, तुम्ही विलायती मालाचे कागद करता ना?"
करतो, पण यंत्रांचे नि रसायनांचे. दागिना कधी सोडवलेला नाही. तरी हो म्हणालो. आमची ही, मालती, म्हणाली, इतक्या वर्षांत या बाईंनी पहिल्यांदा काही मागितलं, नाही कसं म्हणणार?

१४ जाने., मंगळवार
संक्रांत. कमला मालतीकडे हळदीकुंकवाला आली, तिळगूळ दिला. फाळणीनंतर आठ वर्षांची असताना कॅम्पात आली, मराठी आमच्यासारखंच बोलते. पार्सल तिच्याच नावाचं, म्हणून माझ्या नावे अधिकारपत्रावर तिची सही घेतली. जाताना हळूच म्हणाली, "काका, अम्मानं सासरी सांगून ठेवलंय, भावाचा हार सोन्यामोत्यांचा आहे. वेळेवर येईल ना?"
येईल म्हणालो. उगाच.

२१ जाने., मंगळवार
मुंबई. गोदीत कंपनीच्या सुट्या भागांचं काम होतं, ते आटपून टपाल कचेरीत. मालाची किंमत नि जकात ठरवणारे अप्रेझर वयस्क, चष्मा कपाळावर. माझ्यासमोर पेटी उघडली.
हार सुंदर. खरंच सुंदर. पण मोती काचेचे. साखळी पितळेची, वर सोन्याचं पाणी. मधलं पदक शिंपल्याचं, नि मागचा फासा तेवढा चांदीचा.
"जकात काय म्हणून लावू सांगा," अप्रेझर म्हणाले. "चांदीचा दागिना, काचेचे मणी, की पितळी वस्तू? रकाने तीन, हार एक."
मी माझं म्हणणं मांडलं. फासा हार अडकवायला आहे, हार फाशासाठी नाही. लोक बघणार ते मोतीच. काचेच्या मण्यांत लावा, खोटे मोती तिथेच येतात. त्यांना पटलं. पण मुलानं फॉर्मवर मोठ्या अक्षरांत 'ज्वेलरी' लिहिलंय, ते बदलायचं तर घरच्यांनी लेखी द्यायला हवं, की हा माल खोटा आहे. मुलीच्या सहीखाली आईचीही सही.
परतीच्या गाडीत जेवणाचा डबा तसाच राहिला.

२२ जाने.
मालतीला सांगितलं. म्हटलं, इंग्रजी मजकूर, अम्मांना काय कळणार, सही घेऊन टाकतो.
"फसवून?"
मग तांदूळ निवडायला बसली. म्हणाली, "तुमच्या टायफॉइडात माझ्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून हातात काचेच्या बांगड्या आहेत. काचेच्या आहेत हे मला ठाऊक आहे म्हणून माझं काही अडत नाही. तुम्ही लपवलं असतंत तर अडलं असतं."
पाटल्यांचं ती आजवर बोलली नव्हती.

२६ जाने., रविवार
कॅम्पात गेलो. बराकीत मधे चादर लावून दोन घरं केलेली. कमला शिवणयंत्रावर. अम्मांनी चहा केला, वेलची घालून. सांगायचं ठरवून गेलो होतो.
त्याऐवजी कागदच पुढे केला. अम्मा म्हणाल्या, "वाचून दाखवा." मी इंग्रजीतूनच वाचू लागलो, भित्र्या पोरासारखा भराभर. 'इमिटेशन' शब्दाशी त्यांनी थांबवलं.
"इमिटेशन माने?"
यंत्र थांबलं. कमला खाली मान घालून म्हणाली, "अम्मा, माने जैसा असली होता है, बिलकुल वैसा."
अम्मा खूश. आधी कमलानं सही केली, तिच्याखाली अम्मांनी सिंधीत, तारखेसकट.
कमला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. डोळे भरलेले, पण आवाज नीट. "काका, दादा तिथे दिवसभर उभा असतो, दुसऱ्यांना असले हार दाखवत. त्यातला त्याला सगळ्यात आवडलेला पाठवला असणार. खोटा म्हणून लिहिलं, तर दादाला काही होणार नाही ना?"
"नाही गं. रकाना तेवढा बदलतो."
तिला सांगायची वेळच आली नाही. तिनंच मला सांगितलं.

५ फेब्रु., बुधवार
हार सुटला. काचेचे मणी व खोटे मोती, या रकान्यात. शिक्का बघून धंद्यातला माणूस म्हणून बरं वाटलं. नंतर स्वतःचाच राग आला.
संध्याकाळी पेटी घेऊन कॅम्पात. तिथे आज कळलं, अम्मांच्या यजमानांची सिंधमधे सक्करला सराफी होती. स्वतः अम्मा पंधरा वर्षं तराजूशी बसलेल्या. हे मला कुणी आधी का नाही...
अम्मांनी हार तळहातावर घेतला. दोनदा हलकेच वर-खाली केला. दाराशी उजेडात नेला. आमच्याकडे पाठ. मी नि कमला एकमेकांकडे बघेनासे झालो.
वळल्या तेव्हा चेहरा शांत. कमलाच्या गळ्यात घातला, केस सोडवले, फासा लावला.
"हलका है," म्हणाल्या. "अच्छा है. दिनभर पहनेगी तो गला नहीं दुखेगा."
मग पदर डोळ्यांना. लछमनचं नाव घेतलं नि बराच वेळ रडल्या. कशासाठी, ते विचारण्याची माझी हिंमत नाही.

१६ फेब्रु., रविवार
लग्न झालं. कॅम्पाच्या मैदानात मांडव. कमला हारात अशी दिसत होती की मालती माझा दंड धरून उभी राहिली.
जेवताना नवऱ्या मुलाची आई शेजारी येऊन बसली. बाई चांगली, हसतमुख. "आप तो कस्टम का काम जानते हैं. हार आपके हाथ से आया. असली मोती है ना?"
अम्मा वाढायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्या पानात दोन गुलाबजाम घातले, विहीणबाईंच्या पानात तीन. "पहले खा लो, बहन. बातें बाद में."
माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. त्यांना ठाऊक आहे. की मला नुसतं तसं वाटतंय?
निघताना कमला मालतीच्या गळ्यात पडली. तिच्या कानात म्हणाली, "सासूबाई मनानं चांगल्या आहेत, काकू. मीच सांगेन. दोन दिवस जाऊ देत."

१९ फेब्रु., बुधवार
कमलाच्या सासूबाईंचा निरोप आला. रविवारी सुनेला घेऊन आमच्याकडे चहाला येतायत. मालतीनं विचारलं, कमलानं सांगितलं असेल का? नि नसेल, नि त्यांनी पुन्हा तेच विचारलं तर?
म्हटलं, कमलाकडे बघेन, सांगायचं ते तिनंच. मालती पोहे करू म्हणते.