डावी बाजू बंद

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेली. तिच्या बहिणीकडे. एक बॅग, गोळ्यांचा डबा, चष्मा. जाताना दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

कारण काय, तर काल जेवताना तिने म्हणे मला सांगितलं, की पाळणाघर बंद होतंय, तिची नोकरी गेली. आणि मी म्हणे म्हणालो, "पाणी दे." मग एकदम उठून समोर येऊन उभी राहिली. "दोनदा सांगितलं मी. दोनदा! आणि तुम्ही पाणी मागता?"

ती बोललीच नव्हती. शपथेवर लिहितो. या वहीत खोटं लिहून कोणाला फसवणार आहे मी? शेजारी बसली होती, खाली मान घालून जेवत होती. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

बायकोची एवढ्या वर्षांची नोकरी गेल्याचं कळल्यावर पाणी मागेन, इतका दगड नाही मी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलीचा फोन. "बाबा, आई दोन वर्षं हेच सांगतेय. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता."

"म्हणजे ती काय भिंतीशी बोलते?"

"हो. अगदी हेच म्हणते ती."

आई परवा नाही, पुढच्या रविवारी, सोळाला येणार आहे म्हणे. राहायला नाही, गरम कपडे आणि शिवणयंत्र न्यायला. कपड्यांचं ठीक आहे. पण शिवणयंत्र उचललं की माणूस परत यायचा नाही, एवढं मला कळतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

तिचे स्वेटर लपवावेत म्हणून कपाट उघडलं. (या वयात हे धंदे!) स्वेटरांच्या खाली आमचा कॅसेट प्लेअर सापडला. कमरेला अडकवायचा, कडेचा रंग उडालेला. आत ती कॅसेट तशीच.

लग्नाआधी बागेतल्या बाकावर बसायचो. ती माझ्या डाव्या हाताला. इअरफोनचं डावं बोंड तिच्या कानात, उजवं माझ्या. गाणं ठरलेलं, तेच पुन्हा पुन्हा. लग्नानंतर एकदा वाद झाला. ती म्हणे, ते गाणं एका बाईचं आहे. मी म्हणे, डोकं फिरलंय का, पुरुषाचं आहे. शेवटी पैज लागली, दोन्ही बोंडं एकट्याने घालून ऐकलं, तेव्हा कळलं की गाणं दोघांचं आहे. बाई डाव्या तारेत, बुवा उजव्या. अख्खं एक वर्ष आम्ही अर्धं अर्धं गाणं ऐकत होतो. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तेवढा दुरुस्त करून द्या ना," असं कितीदा म्हणाली असेल. बघू, बघू करत राहिलो.

आता बघतो. न केलेल्या गुन्ह्याची माफी मी मागणार नाही. पण रविवारी ती आली की चालता प्लेअर तिच्या हातात ठेवीन. ऐक म्हणेन. ते गाणं ऐकल्यावर शिवणयंत्र उचलवणार नाही तिला.

९ नोव्हेंबर, रविवार

उघडला. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालाय. चाकं, बोटं, टेबलावरचा कपडा, सगळं काळं. दुपारभर काडीला कापूस गुंडाळून खरवडत बसलो. टेबलावरच्या कपड्याचं काय सांगायचं, ते नंतर पाहू.

दुकानात देणार नाही. या घरातली एकही वस्तू आजवर दुकानात गेलेली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवा पट्टा बसला. चाकं फिरली!

गाणं आलं, पण अर्धं. बुवा एक ओळ गातात आणि थांबतात. बाईने उत्तर द्यायचं तिथे नुसती खरखरसुद्धा नाही. मग बुवा पुन्हा गातात, पुन्हा थांबतात. ऐकवेना. बंद करून ठेवला.

डावी बाजू मेलेली आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॅसेटची पट्टी जिथे घासून जाते, ते हेड स्पिरिटने पुसलं. काही फरक नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जुनी बोंडंच गेली असणार म्हणून नवे हेडफोन आणले, डोक्यावरून घालायचे. दुकानदाराने आपल्या रेडिओला लावून स्वतः ऐकले. "दोन्ही बाजू खणखणीत आहेत, काका." घरी येऊन लावतो तर बुवा एकटेच. आपल्या ताकाला कोण आंबट म्हणतो!

दुकानातून येताना एक सायकलवाला जवळजवळ अंगावर आला. घंटी वाजवायला काय हात दुखतात? वर मलाच म्हणतो, "कधीची वाजवतोय!" खोटारडा.

सगळा दिवसच तसला. छापखान्यात फोरमनने पुन्हा तेच सुरू केलं, मशीनवर असताना कानात बोळे घाला. कित्येक वर्षं या मशीनवर उभा आहे. कागद अडकायच्या आधी तिचा सूर बदलतो, तो ऐकू आला नाही तर हात घालणार कुठे मी? बोळे घाला म्हणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हेडफोनची पिन आत जाते तिथला सांधा तुटला असेल, म्हणून मीटर लावून तपासलं. मीटर म्हणतो, दोन्ही तारा सलग आहेत. तरी पुन्हा सोल्डर केलं. तरी बंदच.

मीटरही बिघडलाय. सगळ्यांनी मिळून ठरवलंय जणू, की मीच चुकीचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या येणार. प्लेअर अजून अर्धा.

आज कामात लक्ष नव्हतं. घरी येऊन नुसता बसून राहिलो. मुलीला फोन केला, म्हटलं, आई कशी आहे? "बोलतेय ना मावशीशी दिवसभर," म्हणाली. हे मात्र लागलं मला. बहिणीशी दिवसभर बोलते आणि माझ्याशी?

खरं सांगायचं तर घर काही ती गेल्यावर शांत झालेलं नाही. दोन वर्षं झाली. तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. जेवताना नाही, टीव्ही बघताना नाही. अंथरुणावर पडल्यावर दिवसभराचं सगळं सांगायची सवय होती तिला, तीही गेली. मला वाटायचं, रुसलीय कशावर तरी. मग मीही विचारलं नाही. म्हटलं, बोलायचं असेल तेव्हा बोलेल.

विचारायला हवं होतं का? माहीत नाही. मला ती घरात हवी आहे, एवढं माहीत आहे. हे तिला तोंडावर सांगता आलं असतं तर हे खिळे-स्क्रू खेळत कशाला बसलो असतो?

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शेवटचा प्रयत्न. प्लेअर चालू ठेवून तोच सांधा पुन्हा तापवायचा होता. हेडफोनची तार डाव्या बाजूने लोंबते, ती सारखी सोल्डरच्या दांडीत येत होती. म्हणून हेडफोन उलटे घातले, तार उजवीकडे.

बाई गायला लागली. स्वच्छ, एकटी. बुवा गप्प.

सुलटे घातले. बुवा. परत उलटे. बाई.

आवाज दर वेळी उजव्याच कानात. प्लेअरला काही झालेलं नाही.

ती अकरापर्यंत येईल. जेवायच्या टेबलाशी तिची खुर्ची माझ्या डाव्या हाताला असते. ती उचलून उजवीकडे ठेवली.