कांता इंग्रजीत बोलत नाही

९ सप्टें., मंगळ.
स्वतःच्या हातानं केलेलं: दाराच्या चौकटी दोन. खिडक्यांच्या जाळ्या पाच. फाटक. लोखंडी पलंग, साडेसहा बाय पाच. कांताची भांड्याची मांडणी. हे टेबल, त्यावरचा दिवा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी. इंग्रजी, तेही हातानंच म्हणायचं. क्लासची पायरी चढलो नाही. वेल्डिंग मशीनसोबत येणाऱ्या माहितीपुस्तकांवरून सुरू केलं, मग डिक्शनरी. तिची बाइंडिंग दोनदा सुटली, दोनदा मीच शिवली.
ही यादी वर्गात केली. 'स्वतःचं लेखन' असा इंग्रजीचा पेपर आहे यंदा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मॅडम म्हणाल्या, आपल्याजवळ काय आहे ते आधी मांडा. पोरांच्या दोन-तीन ओळी झाल्या, माझं पान भरलं. मॅडमनी वाचलं. "सर, यातली एकच वस्तू घ्या आणि आठ पानं लिहा." मला सर म्हणतात. माझ्या अश्विनीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील.
घरी येऊन यादी पुन्हा पाहिली. यातल्या अर्ध्या वस्तू वापरायला घरात माणूस नाही आता.

१३ सप्टें.
पलंग घेतला. आठ पानं झाली. पाइपाची जाडी, वेल्डचे सांधे, रंगाचे दोन हात. व्याकरण तीनदा तपासलं. एक चूक नाही.

१६ सप्टें.
मॅ. म्हणाल्या, "सगळी मापं आहेत. माणूस कुठे आहे?"
मी म्हटलं, पलंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं.
"त्यावर कोण झोपायचं, सर?"
सायकल काढली न् वडनेरपर्यंत थांबलोच नाही. राग आला होता. कशाचा ते…

१७ सप्टें.
वेल्डिंगचं दुकान उघडलं नाही. खरी गोष्ट अशी आहे की तो पलंग दारातून आत गेलाच नाही. सगळी मापं घेतली, दाराचं घेतलं नाही. दार तर मीच बसवलेलं. उभा केला, आडवा केला, तिरपा केला. शेजारचे चार जण हात लावायला आलेले. कापून पुन्हा जोडता आला असता, अर्ध्या तासाचं काम. म्हटलं, कापणार नाही. एक जण म्हणे, "काऊन बे, आता भिंत पाडतं का?" सगळे हसले. आणि कांता उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काहो, पलंग आत येत नसन तं घर बाहेर घ्या ना!"
त्या उन्हाळ्यात आम्ही अंगणातच झोपलो. तिनंच अंथरूण बाहेर आणलं.
दोन वर्षं झाली तिला जाऊन. हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

२० सप्टें.
लिहिलं. यात ती आहे.

२३ सप्टें.
वर्गात वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं तिथंही नाही.
सुटल्यावर प्रणाली आली. वर्गातली ही एकटीच मला जयभीम घालते, बाकीचे मान हलवतात. म्हणे, "काका, एक विचारू का? राग नका मानू. काकू तुमचं नाव घेत होत्या?"
"नाही."
"मग याच्यात काऊन घेऊन राह्यल्या?"
घरी येऊन पाहिलं. पोरगी बरोबर होती. इंग्रजीत हाक मारायची तर नाव लागतं, म्हणून मी तिच्या तोंडी माझं नाव घातलं. तिनं नाव घेतलं ते लग्नात एकदा, बायांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा. त्यानंतर कधीच नाही. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हाही पोरीकडे बोट केलं, हिले विचारा. आणि माझ्या कथेत ती उंबऱ्यात उभी राहून मला सरळ नावानं हाक मारते, वर प्लीज म्हणते. बाई कोण आहे ही? मी ओळखत नाही.

२८ सप्टें., रवि.
नाव काढलं. त्या जागी इंग्रजीतलं 'ऐका' घातलं. मग 'मालक'. मग 'माझ्या पतीराजा', तर ती नाटकातली राणी झाली. मग काहीच नाही, तर ती भिंतीशी बोलल्यासारखी वाटते.
अश्विनीचा पुण्याहून फोन. सांगितलं.
"बाबा, आईवर लिहिताय? आणि इंग्रजीत? ते वाचणार कोण?"
"मॅडम."
"तुम्ही जेवलात का?"
हो म्हटलं. भात लावायचा होता अजून.

३ ऑक्टो.
कागद टाकून कागद. दोन गिऱ्हाइकं परत गेली. फाटकाचं माप द्यायला आलेला म्हातारा म्हणे, "काय लिहून राह्यले एवढं? कोर्टाचं काम हाय का?" हाव म्हटलं. सोपं पडतं.

७ ऑक्टो.
शेवटी तिचं वाक्य होतं तसंच ठेवलं. इंग्रजी पानाच्या मधोमध, मराठीत. अर्थ दिला नाही. खाली पुन्हा इंग्रजी. वाचलं मोठ्यानं. घरात आवाज झाला. पहिल्यांदाच बरा वाटला.

१० ऑक्टो.
मॅ. बराच वेळ त्या पानावर होत्या. मग म्हणाल्या, "मला कळलं. पण फाइल बाहेरचे परीक्षक तपासतील. इंग्रजीच्या पेपरात मराठी ओळ म्हणजे ते मार्क कापतील, कदाचित परतही करतील. मी रोखू शकणार नाही."
"मग काढू?"
"ते मी कसं सांगू, सर?"
खरं आहे. कसं सांगतील.

१३ ऑक्टो., सोम.
उद्या फाइल द्यायची शेवटची तारीख.
एक प्रत घरी राहावी म्हणून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. फाइल हातानं लिहिलेलीच लागते, म्हणून हा तयार फायली विकतो. पोरं त्या नेतात आणि आपापल्या अक्षरात उतरवून देतात. दरवर्षीचं आहे, सगळ्यांना माहीत.
तो पानं मशीनवर ठेवता ठेवता वाचायला लागला. मशीन थांबलं. मागे गिऱ्हाइकं उभी. आठही पानं उभ्यानं वाचली. उंबऱ्यातल्या वाक्यापाशी मोठ्यानं हसला. "वा रे वहिनी!" म्हणाला. मग पुढचं वाचताना चष्मा काढून पुसला. वर्गात जे झालं नाही ते या माणसाला झालं. मला त्याच्या दुकानातून निघावंसं वाटेना.
मग म्हणे, "भाऊ, हे मले द्या. पुढच्या साली साठ पोरं हेच उतरवतीन. फक्त ही मराठी ओळ तेवढी काढून द्या, मार्क जातात तिच्यानं."
साठ पोरं. साठ अक्षरांत अंगण, पलंग, अंथरूण घेऊन येणारी कांता. आणि तिचं तोंड बंद.
प्रती घेतल्या, सुट्टे पैसे दिले, सायकलला किल्ली लावली. तो रस्त्यापर्यंत मागे आला. फाइल आता समोर आहे. ओळ आहे तिथंच आहे, उद्या कॉलेजात काय होईल ते उद्या.
झेरॉक्सवाल्याला नाही म्हटलं. देत होता सात हजार, रोख.