खडपवाडीला जाण्यालायक जीप

१० नोव्हेंबर १९५७, रविवार. महाड.

जीप आली! पुण्याला लष्कराच्या लिलावात घेतली होती, काल पांडू फिटरने वरंध्याच्या घाटातून आणली. महाडात जीप बाळगणारा पहिला वकील मीच. सौ. गोदावरीने गाडीला ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आत विचारलं, ही कशाला?

उत्तर तयार होतं. बनुबाईसाठी.

मी चार वर्षांचा असताना आई गेली. तेव्हा खडपवाडीची बनुबाई आमच्या घरी कामाला आली आणि मला वाढवून, मुंजीला उभा करूनच परत गेली. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. १५ डिसेंबरला महाडात नेत्रयज्ञ आहे, मुंबईचे डॉक्टर येणार. नेत्रयज्ञ आणि मी यज्ञेश्वर! हा योगायोग म्हणता येणार नाही.

खडपवाडी म्हणजे पोलादपूरच्या पुढे आंबेनळीचा रस्ता सोडून तीन मैल गाडीवाट, मग ओढा, मग खडी चढण. तिथला आजारी माणूस आजही डोलीतून खाली येतो. बांबूला गोधडी बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. विसाव्या शतकात! बनुबाईला मी जीपने आणणार. कोर्टात सगळ्यांना सांगून टाकलं. आता माघार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

ट्रायल. पांडू चालवत होता, मी मार्गदर्शन करत होतो. ओढा ओलांडला, चढण चढली, गाडी थेट भागोजीच्या खळ्यात उभी. भागोजी हा बनुबाईचा मुलगा. अर्धी वाडी जमली.

बनुबाईने बॉनेट चाचपलं आणि म्हणाली, "तापलीय गो बाय. हिला पाणी दाखवा रे." मग माझा चेहरा चाचपला. "यगू, वाळलास." (यगू म्हणणारी आता एवढी एकच उरली आहे.) दिसू लागल्यावर तिला आधी नातसून बघायची आहे. कोणी सांगतं गोरी, कोणी सांगतं काळी. "कोन खरं सांगत नाय. माझी मीच बघीन."

भागोजीने हळूच विचारलं, "वकीलसाहेब, डोलीचं पन सांगून ठेवू का चौघांना? आपलं असावं म्हनून." मी रागावलो. डोलीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. तो म्हणाला, "नाय काढीत."

येताना विचार केला. जाऊन येऊन एकदाही अडकलो नाही. हे संशयास्पद आहे. पहिल्याच खेपेला इतक्या सहज जाणं म्हणजे निव्वळ नशीब, आणि नशिबावर विसंबणं वकिलाला शोभत नाही. गाडी मुळातून मजबूत केली पाहिजे.

पांडू म्हणतो, "साहेब, हाय तशीच झ्याक हाय. हात लावू नका." लष्करात बारा वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, पण दृष्टी नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेलं अमेरिकन पुस्तक वाचायला घेतलं. चिखल, खडक आणि चढ यांवर मात कशी करावी, सगळं चित्रांसकट. पहिली चाळीस पानं नाहीत. बिघडलं नाही, प्रस्तावना मी कधीच वाचत नाही.

पांडूला चित्रं दाखवली. त्याचं म्हणणं, हा ट्रॅक्टर आहे. असेल. प्रिन्सिपल एकच.

२ डिसेंबर, सोमवार

चांगू लोहाराकडून चारही बाजूंना ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे चढवले. गाडी फूटभर उंच झाली. काय रुबाब! सौ.ला आत चढता येईना, म्हणून स्वयंपाकघरातला पाट ठेवला. पाटावरून चढली. बाजारपेठेपर्यंत नेऊन आणली, तर उतरताना म्हणाली की चालत गेले असते तर मणका जागेवर राहिला असता. पाटे जराही लवत नाहीत ही तिची तक्रार. लवत नाहीत म्हणूनच तर बसवले!

९ डिसेंबर, सोमवार

ट्रकचे टायर मिळाले. मडगार्डमध्ये बसेनात. मडगार्ड कापले. आता बसले, पण चाक डावीकडे पुरतं वळत नाही. खडपवाडीला जाताना डावी वळणं किती, ते मोजायला हवं. उजवीकडे उत्तम वळते.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या नेत्रयज्ञ. जीप अंगणात विटांवर उभी आहे, चाकं ओटीवर.

शांतपणे विचार केला. मोतीबिंदू पिकावा लागतो, असं सगळेच म्हणतात. मग घाई कशाला? पुढचा नेत्रयज्ञ ९ फेब्रुवारीला आहेच. भागोजीचा निरोप आला होता की गाडी होत नसेल तर डोलीने आणतो. उलट निरोप धाडला, शब्द म्हणजे शब्द, वाट बघा.

१६ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर जाण्यापूर्वी त्यांना भेटलो. बनुबाईचं वय आणि लक्षणं सांगितली. ते चिडले. डावा डोळा बहुतेक गेलाच म्हणाले. उजव्याची आशा आहे, पण फेब्रुवारीत आणली नाहीत तर पुढे आणूच नका.

जेवण गेलं नाही. लहानपणी मला गोवर आला तेव्हा बनुबाई सात दिवस उशाशी बसून होती. मी तिच्यासाठी काय केलं? मडगार्ड कापले. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी सावरलो. खरं तर यातून एकच गोष्ट सिद्ध होते. जीप अजून मजबूत हवी.

१ जानेवारी १९५८, बुधवार

संकल्प. रोज पहाटे जीपखाली एक तास. पांडूचं ऐकून घ्यावं, पण मानू नये. चहा बंद.

२ जानेवारी, गुरुवार

थंडी फार. जीपखालची जमीन गार लागते. चहा घेतल्याशिवाय खाली शिरता येत नाही. चहा घेतल्यावर शिरावंसं वाटत नाही.

१२ जानेवारी, रविवार

मोठं काम झालं! पुस्तकात गाडीच्या तोंडाशी एक रहाट आहे. दोर पुढच्या झाडाला बांधायचा, रहाट फिरवायचा, गाडी आपणहून वर चढते. असा लोखंडी रहाट इथे कुठे मिळणार? म्हणून आमच्या विहिरीचा काढला. सागवानी, आजोबांच्या वेळचा. चांगूने पट्ट्या ठोकून बंपरवर बसवला.

सौ. आता घागरी हाताने शेंदते. पाणी शेंदताना माझ्याकडे बघते फक्त. धूर सोडणारी नळीही डोक्यावरून वर काढली, ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून. पांडूने विचारलं, ओढ्याला पाणी किती? वीतभर. पण उद्या वाढलं तर?

२६ जानेवारी, रविवार

प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत जीप सर्वांत पुढे. टाळ्या. चवदार तळ्याच्या वळणावर डावीकडे वळायचं होतं. मिरवणूक डावीकडे वळली. मी सरळ गेलो. पुष्कळ लोकांना तो मानाचा स्वतंत्र मार्ग वाटला.

धूर वर न जाता वाऱ्याने आत येतो. रुमाल बांधून चालवली. घरी आल्यावर सौ.ने ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सर्व सज्ज. उद्या जायचं, बनुबाईला आणायचं, परवा नेत्रयज्ञ. पांडू म्हणाला, साहेब, अजून वेळ हाय, चार तासांत सगळं काढून पहिल्यासारखी करतो. मी हसलो. उद्या मीच चालवणार. तयार माणसाला ड्रायव्हर लागत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. (अंथरुणातून.)

घडलं ते क्रमाने लिहितो. वकिलाने पुरावा लपवू नये.

शनिवारी सकाळी निघालो. पांडू शेजारी. पोलादपूरपर्यंत डावी वळणं सात. प्रत्येक वळणावर उतरून, मागे घेऊन, पुन्हा पुढे. दुपारी ओढा गाठला. तो कोरडा होता. चढणीला लागलो तर गाडी अर्ध्यावर थांबली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. पांडूचं मत, वजन फार झालं आणि पाटे लवत नाहीत म्हणून एक चाक अधांतरी आहे. माझं मत, हीच ती वेळ. रहाट!

दोर बांधण्याजोगं झाड एकच होतं, वाघजाईच्या राईतला ऐन. तोवर भागोजी आणि वाडीतले लोक उतरून आले होते. भागोजी म्हणाला, "साहेब, राईतल्या झाडाला कौलाशिवाय हात लावत नाय कोन." मी म्हटलं, तोडत नाही, नुसता दोर बांधतोय. तो म्हणाला, "नुसता बी नाय."

मालोजी गुरवाला बोलावलं. त्याने वाघजाईच्या उजव्या-डाव्या खांद्याला तांदूळ चिकटवून देवीला विचारलं, बांधावा का? उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आम्ही सगळे दगडावर बसून वाट बघत होतो. मी, बी.ए. एल.एल.बी., तोही. डावा पडला.

मग मालोजीने न विचारताच सांगून टाकलं की भागोजीने आठवड्यापूर्वीच एक कौल लावला होता, म्हातारीला गाडीनं न्यावं की डोलीनं? देवीने डोली दिली होती. डोली तेव्हापासून गोठ्यामागे बांधून तयार होती. भागोजी खाली बघत राहिला. "तुमी नाव काढू नका म्हनालात. म्हनून नाय काढलं."

मला अपमान वाटला. देवीपुढे अपील कुठे करायचं? मी दोर एका खडकाला बांधला आणि रहाट फिरवला. गाडी वीतभर हलली. खरंच हलली, पांडू साक्षीला आहे. मग आजोबांचा रहाट मधोमध फुटला, दांडा सुटला आणि माझ्या डाव्या घोट्यावर बसला. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.

बनुबाई वरूनच ओरडली, "यगूला काय झालं?" सुनेचा, रंगूबाईचा हात धरून ती उतरली. माझा पाय चाचपला आणि म्हणाली, मोडला. डोली आणा.

डोली तिच्यासाठी होती. मी नको म्हणालो. शपथ, मनापासून नको म्हणालो. ती म्हणाली, "गप बस तिच्यात. माझं डोळं गेल्यात, पाय नाय गेलं."

चौघांनी मला उचललं. एका हाताने डोलीचा बांबू धरून बनुबाई माझ्या शेजारून चालली. ओढा, तीन मैल गाडीवाट, सगळं. एकदाही ठेचकाळली नाही. मध्ये मी कण्हलो तर म्हणाली, "लहानपनी बी असाच रडायचास, लागन्याआधीच." पांडू मागून येत होता. कोणीच हसत नव्हतं, तेच जास्त लागलं.

अंधार पडायच्या आत पोलादपूरला पोचलो आणि तिथून एका ट्रकने महाडला. बनुबाईचं ऑपरेशन काल झालं. माझ्या पायाला प्लास्टर.

आज पडल्यापडल्या एक लक्षात आलं. डोलीच्या चार खांद्यांनाही जोर सारखाच लागतो. म्हणजे चारही चाकांना जोर देण्याचं जीपचं प्रिन्सिपल त्यांना आधीच ठाऊक होतं. पुस्तकात हे नसेलच असं नाही, पहिली चाळीस पानं मी कुठे वाचली?

२० फेब्रुवारी, गुरुवार

बनुबाईची पट्टी निघाली. उजव्या डोळ्याने दिसतं. डावा गेला. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात आणली असती तर दोन्ही राहिले असते. बनुबाईला हे कळलं नाही. मला कळलं.

कुबडी घेऊन भेटायला गेलो. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "यगू, केस पांढरं झालं रे तुझं. कोन बोललं बी नाय मला." नातसून आधीच येऊन गेली होती. सावळी निघाली. बनुबाई खूश आहे. म्हणाली, "गोरी सांगत व्हते ते सगळे लबाड."

२ मार्च, रविवार

शिमग्याआधी तिला घरी पोचवायचं होतं. पांडूने गेल्याच आठवड्यात खडपवाडीच्या चढणीवर बसून पाटे, टायर, नळी, बंपर सगळं काढलं, जुनी चाकं बसवली आणि जीप खाली आणली. मला विचारलं नाही. रहाटाचे तुकडे सौ.ने बंबात घातले.

सकाळी निघालो. पांडू चालवत होता. बनुबाई पुढे, मी पाय लांब करून मागे. चढण चढलो आणि गाडी थेट भागोजीच्या खळ्यात. एकदाही अडकलो नाही.

उतरल्यावर बनुबाईने जीपभोवती एक फेरी मारली. एका डोळ्याने सगळं नीट बघितलं, चाकं, बॉनेट, कापलेले मडगार्ड. मग मला विचारलं, "बरी हाय रे गाडी. आन चढती बी चांगली. पयल्यापासनं अशीच चढत व्हती का?"

मी हो म्हणालो.