टॅबलेटला माझ्या हाताची सवय

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.

आजपासून टॅबलेटची नोंद ठेवणार. बाजारात नवीन वस्तू आली की पेपरात कोणीतरी शहाणा ती दोन दिवस वापरून आपलं पहिलं मत छापतो. तो शहाणा खूप शिकलेला असतो, मी सातवी नापास. पण त्याने आयुष्यात एक तरी कुलूप उघडलं आहे का? मी चाळीस वर्षं उघडतो आहे.

कारण लिहून ठेवतो. काल जेवताना चिरंजीव म्हणाले की बाबा, नवीन कुलपांना किल्ली नसते, ती टॅबलेटवरून सेट करतात. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या सहा दारांची ऑर्डर दिली आहे, चोवीस तारखेला बसवायची आहेत. तुम्ही आता घरी आराम करा, दुकानातल्या तुमच्या खुर्चीवर कोणीतरी जाणकार माणूस बसवू.

माझी खुर्ची! तिचा मोडलेला हात मी स्वतः तारेने बांधला आहे.

आजच बाजारात आलेला टॅबलेट सकाळी रांगेत उभं राहून आणला. रांगेत माझ्यापुढे कोणी नव्हतं. मागेही नव्हतं. चोवीस तारखेला सहाही दारं मी सेट करणार. चिरंजीव कबूल झाले. जमलं तर खुर्ची तुमची, म्हणाले. जमलं तर, म्हणे.

ही वही लोखंडी पेटीत राहील. पेटीला नंबरचं कुलूप आहे.

४ मार्च.

पहिलं मत: पातळ आहे. इतकी पातळ वस्तू टिकत नसते. खोका मात्र दणकट. टॅबलेट खोक्याच्या जाडीचा केला असता तर बरं झालं असतं.

उघडण्यासाठी बोटाचा ठसा मागतो. दहाही बोटं लावली. एकही घेत नाही. बोट पुसून पुन्हा लावा, म्हणतो. पुसलं. साबण लावून धुतलं. चाळीस वर्षं कानस चालवून बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला मी काय करू? कष्टाचा हात ओळखता येत नाही, असली ही हुशारी. ही म्हणाली, पायाचा अंगठा लावून बघा. मी लक्ष दिलं नाही.

(संध्याकाळी दार लावून उजव्या पायाचा लावून पाहिला. घेत नाही.)

शेवटी सहा आकडी नंबर ठेवला. कुलूपवाल्याचा नियम आहे, नंबर कुठे लिहायचा नाही आणि कोणाला सांगायचा नाही. हिलासुद्धा नाही.

६ मार्च.

संकल्प: रोज दोन तास अभ्यास.
प्रत्यक्षात: वीस मिनिटं. अक्षरं मुंगीएवढी आणि सगळी इंग्रजी. डोळे दुखले. जेवून एक ते चार झोपलो. झोपेत डोक्यातलं मुरतं, असं माझं मत आहे.

८ मार्च. दुपारी ४.

कमाल झाली! झोपून उठलो, टॅबलेट उघडला, तर अक्षरं मोठी आणि सगळं मराठीत. मी कुठे काही केलं नव्हतं. यंत्राने माझे डोळे ओळखले. जेवताना सगळ्यांना सांगितलं. चिरंजीव म्हणाले की बाबा, असं आपोआप होत नसतं. मग आईकडे बघून त्यांना ठसका लागला. ही मात्र म्हणाली, होतं रे, माणूस बघून होतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझी बाजू घेतली.

११ मार्च.

तक्रार पहिली: बॅटरी. एक वाजता पूर्ण भरलेली, चारला पाव उरते. मी झोपलेला, टॅबलेट झोपलेला, मग वीज खाल्ली कोणी?
तक्रार दुसरी: काचेवर पांढुरके डाग. पुसावेत तर बोटाला पिठासारखं लागतं. कारखान्यात सफाई कशी करतात ते यावरून कळतं.

कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलत होती. घरात आणखी कोणी वापरतं का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बाई, नंबर माझ्या डोक्यात आहे आणि डोकं माझ्याजवळ आहे. तिने लगेच तक्रार नोंदवून घेतली. यांना असंच बोलावं लागतं.

१४ मार्च.

चिरंजीवांनी नमुन्याचं कुलूप एका फळीवर ठोकून घरी दिलं. सरावासाठी. सकाळी दीड तास झटलो. टॅबलेट म्हणतो, कुलूप सापडत नाही. अरे, समोर फळीवर आहे! कुलूप त्याच्या नाकाला लावून दाखवलं, तरी सापडत नाही. ही भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, कुलपात सेल घालायचे असतात ना? मी म्हणालो, मी तेच करणार होतो. खरोखरच करणार होतो, कधी ते ठरवलं नव्हतं, इतकंच.

सेल घातले. सापडलं. पण उघडायचं सोडून टीं टीं करत बसलं. वैतागून झोपलो.

चार वाजता उठून सहज हात लावला, तर एका फटक्यात उघडलं! बंद केलं. पुन्हा उघडलं. आता गुपित कळलं. टॅबलेटला माझ्या हाताची सवय व्हायला दहा दिवस लागले. नवी कानससुद्धा हाताला बसायला वेळ घेतेच.

१७ मार्च.

गंभीर प्रकार. टॅबलेटच्या एका पानावर लिहिलेलं दिसलं: आजचा वापर तीन तास दहा मिनिटं. मी वीस मिनिटं वापरला. म्हणजे बाहेरून कोणीतरी घुसतं आहे. दातांच्या डॉक्टरांची दारं उघडून चोराला काय मिळणार ते कळत नाही, पण सावध राहिलेलं बरं. गॅलरीत जाऊन नंबर बदलला. असा ठेवला आहे की कोणाच्या बापाला सापडणार नाही. तीनदा दाबून पक्का केला. आत आलो तर ही म्हणाली, गॅलरीत कोणाशी बोलत होता? म्हणालो, कोणाशी नाही.

२० मार्च.

नंबर बदलूनही वापर तीन तासच दाखवतो. याचा अर्थ यंत्राला मोजता येत नाही. सातवी नापास माणसालाही यापेक्षा बरं मोजता येतं.

२३ मार्च, रविवार.

तयारी पूर्ण. इस्त्रीचा शर्ट काढला. चिरंजीवांना सांगितलं, उद्या खुर्ची पुसून ठेव. अभ्यासाला आज सुटी दिली. फार घोकलं की ऐन वेळी विसरायला होतं.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ७.

नंबर आठवत नाही.

७.२०. सुरुवातीला चार होता. की शेवटी होता? ओठांवर येतो आणि परत जातो.

७.३५. पाच वेळा चुकलो. एक तास थांबा, म्हणतो. मला थांबायला सांगतो! कोणाला काही बोललो नाही. चहा गेला नाही.

८.४०. पुन्हा चुकलो. आता म्हणतो, आणखी एकदा चुकलात तर सगळं पुसलं जाईल. हात लावत नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर आठवेल. जागा बदलली की आठवतं.

२४ मार्च. संध्याकाळी ६.

दवाखान्यात गेलो. चिरंजीव होते. हीसुद्धा पर्स घेऊन आली होती. कशाला, ते विचारायचं राहिलं.

जागा बदलूनही आठवलं नाही. डॉक्टरांना म्हणालो, यंत्र जरा दमलं आहे. ते म्हणाले, काका, आत पेशंट तोंड उघडून बसलाय, लवकर बघा. मी खिशातून जुनं पाकीट काढलं, त्यातली कुलपं उघडायची हुकाची तार घेतली आणि पहिल्या दाराच्या कुलपाशी गेलो. भोक शोधलं. या कुलपाला भोकच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तार परत पाकिटात ठेवली. चिरंजीव खिडकीबाहेर बघत राहिले.

तेवढ्यात ही म्हणाली, आणा इकडे. मी म्हणालो, एकच संधी उरली आहे, सगळं पुसून जाईल. ही म्हणाली, कळलं हो. आणि सहा आकडे दाबले. उघडला.

कसा, म्हणून विचारलं. म्हणाली, तुम्ही आकडा दाबताना मोठ्याने म्हणता. पहिल्यापासून. सुटकेस असो, कपाट असो. त्या दिवशी गॅलरीत तीनदा म्हणालात, वरच्या बाईंनाही पाठ झाला असेल.

मग सहाही दारं हिने केली. पाऊण तासात. नर्सचा नंबर वेगळा, सफाईवाल्याचा वेगळा. डॉक्टर हिला मॅडम म्हणाले आणि मला म्हणाले, काका, उभे का, बसा. पेशंट गेल्यामुळे एकच खुर्ची रिकामी होती, दात तपासायची. तिच्यात बसलो. ती मागे कलते. बराच वेळ छत बघत होतो.

येताना हिला विचारलं, हे सगळं शिकलीस कधी? म्हणाली, तुमचं डोक्यात मुरत होतं तेव्हा, एक ते चार. पोळ्या झाल्या की बसायची.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. टॅबलेट मी निवडला होता.

२६ मार्च. दुपारी २.

आजपासून खुर्चीवर ही बसते. चिरंजीवांनी खुर्चीची तार काढून नवा हात लावून घेतला. टॅबलेट ही घेऊन जाते, त्यामुळे त्याच्याविषयी आणखी मत देता येत नाही. जेवण झाकून ठेवलं होतं. गरम करून खाल्लं. झोप लागली नाही.

सकाळी निघताना ही चपला घालता घालता हसत म्हणाली, डाव्या पायाचा अंगठा राहिलाच की हो लावायचा. आणि गेली.

उजव्या पायाचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. फक्त या वहीत लिहिलं आहे.

पेटीचा नंबर आजच बदलणार होतो. पण आधी मनातल्या मनात म्हणायला शिकलं पाहिजे.